दिवसा रिकामी इमारत

४ जानेवारी

आमच्या गटाचं नाव ठरलं — 'श्वास'! सकाळभर भांडून. कर्णधाराला 'प्राण' हवं होतं. (कर्णधार हे त्यानं स्वतःच स्वतःला दिलेलं पद.) चित्रकाराला कुठलंतरी उच्चारता न येणारं परदेशी नाव. आकडेबाई (हिशेब सगळे तिच्याकडे) म्हणाली, "काहीही ठेवा, पण ठेवा, मला भूक लागलीय." मग 'श्वास'. का, तर आमची इमारत श्वास घेणार. आम्ही स्वतः मात्र सगळ्या खिडक्या लावून, एसी सोडून बसलेलो. चित्रकार तर स्वेटर घालून!

स्पर्धा मोठी आहे हे खरं. पर्यावरणपूरक इमारत, सगळ्या कॉलेजांतले शेवटच्या वर्षाचे गट, आणि जो जिंकेल त्याची इमारत खरोखर बांधणार. सरकारी हॉस्पिटलच्या मागे नर्सेसचे जुने क्वार्टर आहेत, ते पाडून नवे. शिवाय परीक्षकांत ते मोठे आर्किटेक्ट आहेत, त्यांच्या ऑफिसात जिंकणाऱ्या गटाला नोकरी. हे ऐकल्यावर सगळ्यांना एकदम पृथ्वीची काळजी वाटायला लागली.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. त्या जुन्या क्वार्टरमध्ये माझी आई राहते. नर्स आहे ती. मीही हॉस्टेलला येईपर्यंत तिथेच वाढले. पण सांगितलं असतं तर कर्णधारानं मला तिथल्या तिथे 'लाभार्थ्यांची प्रतिनिधी' करून टाकलं असतं. नको रे बाबा.

९ जानेवारी

गट साइट बघायला गेला. मी डोकं दुखतंय सांगून खोलीवरच राहिले. तिथल्या सगळ्या मावशा मला फ्रॉकात असल्यापासून ओळखतात, एकीनं जरी "अगं बाळे!" केलं असतं तरी संपलं.

परत आल्यावर विचारलं, कसं झालं? "जबरदस्त!" कुणी भेटलं? "भेटलं नाही कुणी. पण जागा बोलते गं." जागा बोलते! फोटो दाखवले. सगळ्यांत हे तिघं पुढे, इमारत मागे पुसट.

१२ जानेवारी

रविवार. घरी गेले होते. आई चिडलेली. "गुरुवारी भरदिवसा दाराबाहेर कोण खिदळत होतं देव जाणे. नाइट करून आलेले, जरा डोळा लागला होता. झोपेचं पार खोबरं केलं मेल्यांनी."

मी चहा ढवळत राहिले. चहात साखर नव्हती.

मग म्हणाली, "तुझं एकदा मार्गी लागू दे. नोकरी लागली की मी नाइट सोडणार. आता झेपत नाही गं." हे ती नेहमी म्हणते. पण या वेळी म्हणताना गुडघा चोळत होती. मी मनात म्हटलं, जिंकायचंच. त्या मोठ्या आर्किटेक्टच्या काचेच्या ऑफिसात नोकरी मिळवायची आणि हिला रात्रीची घरी झोपवायची. माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

१९ जानेवारी

आमच्या मार्गदर्शक सरांनी पहिला आराखडा बघितला. "काच वाढवा. दिवसाच्या उजेडाला भरपूर मार्क आहेत." आम्ही काच वाढवली. मग म्हणाले, "आता भिंत दिसतेय, ती कशाला?" भिंतही गेली.

मॉडेल मी करतेय. पर्यावरणपूरक इमारतीचं मॉडेल — थर्माकोलचं! वर हिरवा स्प्रे. तो मारताना आकडेबाईला खोकला लागला आणि बाहेर जाऊन बसावं लागलं. श्वास!

२३ जानेवारी

चित्रकारानं इमारतीच्या चित्रात तिसऱ्या मजल्यावर हरीण ठेवलं. काढायला लावलं. दिवसभर बोलला नाही.

२७ जानेवारी

चित्र मात्र झालंय झकास. हरणाशिवाय. संध्याकाळचं सोनेरी ऊन, मजल्यामजल्यावर वेली, आणि छतापासून जमिनीपर्यंतच्या काचेपाशी उभी एक बारीक बाई, हातात कप. नर्स म्हणे! माझ्या आईला कप घेऊन खिडकीशी उभं राहिलेलं मी जन्मात बघितलं नाही. ती चहा पिते तो चपला घालता घालता.

कर्णधारानं खाली ओळ लिहिली — 'इथे सूर्य तुमच्या भेटीला येतो.' येऊ नको म्हणावं!

३ फेब्रुवारी

आकडेबाईनं इमारत संगणकात घातली. वर्षभर किती तापेल, किती वीज खाईल, सगळं ते सॉफ्टवेअर सांगतं. निकाल — सर्वोच्च श्रेणी! एसी जवळजवळ लागणारच नाही म्हणे. इतकी काच आणि एसी नको? सर गहिवरले. कर्णधारानं आकडेबाईला मिठी मारली, मग चित्रकाराला, मग सरांना मारणार होता पण सावरला.

मीही नाचले. नाकारत नाही.

६ फेब्रुवारी

आज पोस्टरवर आकडे चिकटवायचे म्हणून ती फाइल उघडली. सहज. आणि चाटच पडले!

सॉफ्टवेअरला सांगावं लागतं की खोलीत माणसं कधी असतात. माणूस नसेल तर खोली थंड ठेवायची गरजच नाही, मग कितीका तापेना. आमच्या फाइलीत काय लिहिलंय? सकाळपासून संध्याकाळपर्यंत, सगळ्या खोल्या — माणसं शून्य. म्हणजे भर दुपारी ती काच तापून तवा झाली तरी आमच्या हिशेबी आत कुणीच नाही. म्हणून एसी नको! म्हणून सर्वोच्च श्रेणी!

आकडेबाईला विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? तिनं शांतपणे कर्णधाराचा साइटचा अहवाल काढला. "सर्व दारे बंद. संपूर्ण शांतता. निष्कर्ष : इमारत दिवसा रिकामी असते."

अरे गाढवांनो, झोपल्या होत्या त्या! रात्रभर जागून आलेल्या बायका झोपल्या होत्या. एका दाराआड माझी आई होती. तुमच्या खिदळण्यानं जागी झालेली.

आणि मी कुठे होते? डोकं दुखत होतं माझं.

७ फेब्रुवारी

आकडेबाईला घेऊन बसले. माणसं दिवसा खोलीत झोपलेली आहेत असं घालून पुन्हा चालवलं. श्रेणी गेली. कुठलीच उरली नाही. पश्चिमेच्या खोलीत दुपारी कपडे वाळतील, माणूस झोपणार नाही. एसी लावला तर विजेचा आकडा जुन्या क्वार्टरपेक्षा वर!

आकडेबाईनं सगळे आकडे पुन्हा एकदा तपासले. मग म्हणाली, "मी जेवून येते."

८ फेब्रुवारी

बैठक. कर्णधाराला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पण तुला कसं माहीत त्या दिवसा झोपतात?" मग सांगावंच लागलं. आई तिथे नर्स आहे. तिथेच राहते.

मला वाटलं, आता तरी शरम वाटेल. डोळे चमकले त्याचे! "अगं मग हे तर सोनं आहे! आधी का नाही बोललीस? पहिल्या स्लाइडवर आई! युनिफॉर्ममध्ये!"

मी म्हटलं, आधी डिझाइन बदलू. काल रात्री बसून काढलंय — जाड भिंत, लहान खिडकी, पुढे खोल गॅलरी, खोलीत भरदुपारी अंधार. त्यानं कागद हातभर लांब धरला. "हे तर जुन्या क्वार्टरसारखंच दिसतंय. मग जुने पाडायचे कशाला?" चित्रकार म्हणाला, अंधाराचं चित्र कसं काढू? सरांकडे गेले, तर सर म्हणाले, "मुद्दा महत्त्वाचा आहे. अहवालात 'पुढील अभ्यासाची दिशा' म्हणून टाका." पुढील अभ्यास! तोवर आत बायका उकडून निघतील, त्यांचा अभ्यास करा!

मत घेतलं. तीन विरुद्ध एक. आकडेबाईनं हात वर करताना माझ्याकडे बघितलं नाही.

१६ फेब्रुवारी

कर्णधार कॅमेरा घेऊन माझ्याबरोबर घरी. मी नको म्हणत होते, आईच तयार! पांढरा युनिफॉर्म कडक इस्त्रीचा, केस बसवलेले. नाइट करून आली होती, झोपायची सोडून फोटोला उभी. कर्णधार "काकू, जरा हसा ना", "काकू, दूर बघा, भविष्याकडे". ती बिचारी पाण्याच्या टाकीकडे बघत हसली.

तो गेल्यावर मी तिला चित्र दाखवलं. मुद्दाम. म्हटलं, ही ओरडेल, मग मला जोर येईल.

"अगंबाई! केवढी काच! ही बाई मीच का?"

"आई, नीट बघ. दिवसा झोप येईल का इथे तुला?"

"न यायला काय झालं? तू केलंयस म्हटल्यावर येईल की."

पार हवाच गेली माझी. आणि खरं लिहायचं तर — थोडं हलकंही वाटलं.

२० फेब्रुवारी

दोन दिवस माझं माझ्याशीच चाललंय. अंतिम फेरी उद्या. उठून सगळं सांगितलं तर गट बाद, नोकरी गेली, आई आहे तशीच नाइटला. गप्प बसले आणि जिंकलो, तर मला नोकरी, आई नाइट सोडणार. म्हणजे ती रात्रीच झोपणार. म्हणजे त्या खोलीत दिवसा झोपायची वेळ तिच्यावर येतेच कुठे! राहता राहिल्या बाकीच्या. त्या लावतील काहीतरी.

वकील व्हायला हवं होतं मी.

२१ फेब्रुवारी

झालं.

सभागृह इतकं गार की परीक्षकांना शाली दिल्या. कर्णधारानं सुरुवातच केली, "डोळे मिटा आणि कल्पना करा..." दोन परीक्षकांनी मिटले, त्यातले एक बराच वेळ उघडेचनात. मग पडद्यावर आई. भिंतभर मोठी. टाकीकडे बघणारी. सभागृहात 'ऑऽ' झालं. "समाजाचा कणा!" टाळ्या.

आणि मग कडेला बसलेल्या एक परीक्षक बाई. आत्तापर्यंत गप्प होत्या. चष्मा पुसत म्हणाल्या, "एवढंच विचारायचं होतं. या रात्रपाळी करत असतील ना? मग दिवसा या काचेत झोपणार कशा?"

कर्णधाराचं तोंड उघडं ते उघडंच. मला वाटलं, सुटलो. विचारलं एकदाचं कुणीतरी, मला बोलावं लागलं नाही. पण तो पठ्ठ्या माझ्याकडे वळला. "आमच्या सहकारी सांगतील. त्यांच्याच आई आहेत या." आणि माइक माझ्या हातात.

मी उभी राहिले. बाई माझ्याकडे बघत होत्या, अगदी सरळ. सगळं उत्तर तोंडाशी होतं. अहवाल, शून्य माणसं, तवा झालेली काच. आणि मी म्हणाले —

"जाड पडदे लावता येतील. आणि मी आईला हेच विचारलं होतं. ती म्हणाली, झोप येईल."

टाळ्या! बाईंनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. खोटं एक अक्षर बोलले नाही मी. म्हणालीच होती ती तसं.

पहिले आलो. ढाल भलीमोठी, प्लास्टिकची, वर हिरवं पान. चित्रकार रडला.

२२ फेब्रुवारी

आकडेबाई नाश्त्याला माझ्या टेबलावर बसली नाही.

१० जुलै

नोकरीचा दुसरा महिना. ऑफिस सगळं काचेचं, दुपारी सगळे पडदे ओढून दिवे लावून बसतात. मला एका शोरूमच्या दर्शनी भागाच्या कामावर लावलंय. काय विकणार ते माहीत नाही, काच किती ते माहीत आहे.

क्वार्टरचं काम सुरू झालं. जुनी बिल्डिंग अर्धी पाडली. आई तोवर मैत्रिणीकडे. पहिल्या पगारात तिला रात्री नेसायला मऊ सुती साडी घेतली. म्हटलं, आता रात्रीची घरीच असणार बाईसाहेब.

१८ जुलै

आईचा फोन. आवाज इतका खूश की मी आधी घाबरलेच.

नवे क्वार्टर थोडे, नर्सेस जास्त. म्हणून हॉस्पिटलनं ठरवलं, खोली फक्त कायम रात्रपाळी घेणाऱ्यांना. आईनं सगळ्यांत आधी नाव दिलं. कायमची नाइट, रिटायर होईपर्यंत.

"म्हटलं, माझ्या पोरीनं काढलेली खोली आणि तिच्यात दुसरीच कुणी झोपायची? छे! — छान केलं ना गं मी?"

मी म्हटलं, "छान केलंस."