तोंडपाठ चाचणी

४ फेब्रुवारी
आज आमच्या हिनं बटाटे केरात टाकले आणि सालं शिजायला लावली! मी हसलो. ही नाही हसली.

९ फेब्रुवारी
लेकीनं हट्टच धरला, म्हणून हिला दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण मानसतज्ज्ञ बाईंनी बुद्धिचाचणी घेतली. मी दाराच्या काचेतून पाहत होतो — तीच पेटी, तेच लाल-पांढरे ठोकळे! निवृत्त होईपर्यंत मीही तीच चाचणी घेत आलो. हिनं ठोकळ्यांची नक्षी झटपट जुळवली, आकडे उलट्या क्रमानं घडाघडा म्हटले.

"वयाच्या मानानं उत्तम बुद्ध्यांक!" बाई म्हणाल्या. लेक म्हणाली, "सुटले बाई एकदाची!"

१० फेब्रुवारी
जेवण गोड लागेना. नोकरीला लागलो तेव्हा चाचणी घ्यायचा सराव मी हिच्यावरच केला होता. पुढं दरवर्षी नवे विद्यार्थी घरी यायचे, तेही हिलाच समोर बसवायचे. "माझी अक्कल मोजून झाली असेल तर कुणीतरी भांडी पुसा!" म्हणायची. प्रश्न, नक्षी, आकडे — सगळं तोंडपाठ आहे हिला. काल मोजलं गेलं ते पाठांतर.

वर्गात मी घसा फोडून सांगायचो — बुद्धी म्हणजे नव्या पेचातून वाट काढणं. आणि नवं तर हिला काहीच विचारलं नाही!

सांगावं का बाईंना? झाकली मूठ सव्वा लाखाची. पण ती झाकलेली राहिली तर औषध सुरू होणार नाही. भीती वाटते मला.

१३ फेब्रुवारी
सांगितलं. बाईंचा चेहरा पडला. हिनं कधीच न पाहिलेली दुसरी चाचणी घेणार आहेत. लेक भडकली — "बाबा, चांगलं झालेलं बघवत नाही का तुम्हाला?"

१७ फेब्रुवारी
नवी चाचणी. पहिल्याच चित्रापाशी ही अडली. चित्र फिरवून पाहिलं, पुन्हा खाली ठेवलं. मग वळून काचेतून माझ्याकडं पाहिलं — आणि मी मान फिरवली! उत्तर मलाही ठाऊक नव्हतं, पण मान कशाला फिरवायची?

१८ फेब्रुवारी
औषध सुरू. गुण किती पडले ते हिनं विचारलं नाही. मीही सांगितले नाहीत.

२ मार्च
संध्याकाळी ही जेवणाच्या टेबलाशी माझ्यासमोर येऊन बसली, अगदी ताठ. दाराकडं एकदा पाहून घेतलं आणि हळूच म्हणाली, "सर, माझे मार्क कमी आले असतील ना, तर आमच्या ह्यांना सांगू नका हं. फार हळवे आहेत ते."

म्हटलं, "नाही सांगणार."