दोन इंच उंच गाडी

मंगळवार, संध्याकाळ

लेकीला, मेघाला, नववा महिना लागला. खड्ड्यांचे हादरे तिला बसू नयेत म्हणून इलेक्ट्रिक गाडी मीच दोन इंच उंच करून घेतली. आज तिला पालघरला तपासणीला नेलं. परतताना बोईसरलाच बॅटरीची रेंज उरली वीस किलोमीटर! सवयीचा स्पोर्ट मोड काढून वीज वाचवणारा इको लावला, एसी बंद केला. पोरगी घामाने भिजली, तरी आकडा उतरतच राहिला. चिंचणीत घरी पोचलो तेव्हा उरले होते तीन किलोमीटर.

मासे घेऊन आलेला दांडी गावचा कोळी दामू हसला, "काका, उंच गाडी पोटाखाली वारा घेते, मग बॅटरी जास्त खाते. आमाला होडीवाल्यांना इचारायचं ना!"

मेघा हसली नाही. "बाबा, हादरे सोसेन मी. गाडी वाटेत थांबली तर?"

गाडी चार्जिंगला लावली आहे. दोनदा जाऊन आकडा पाहून आलो. भरायला सकाळ होईल. तोवर कळा सुरू होऊ नयेत.