भोक पाडलेली गुंज

बाई, तुम्ही गेल्याचं मला कळलं तेव्हा मी हलवा करत होते. शेगडीवर परात होती, खसखशीवर चमच्या-चमच्यानं पाक सोडत होते, आणि शेजारीण दारात उभी राहून सांगत होती की तुमच्या त्या मणीकामाच्या बाई वारल्या म्हणे. मी हात थांबवला नाही. 'बरं' म्हणाले आणि पुढचा चमचा सोडला. त्याला आता बारा वर्षं झाली. तेव्हा डोळ्यांत पाणी आलं नाही, नंतरही आलं नाही. आज लिहायला बसले ते परवा तुमच्या घरात जे झालं ते तुम्हाला सांगायला. ते ऐकून तुम्हाला त्रास झाला असता, आणि तेवढ्यासाठीच सांगायचं आहे.

पण आधीपासून सांगते. तुम्ही तुमच्या पद्धतीनं सगळ्यांना सांगितलंत, माझ्या तोंडून कुणी ऐकलंच नाही. मी एकोणीस वर्षांची होते. फुलंब्रीच्या अलीकडं आमचं शेत. सकाळच्या गाडीनं मी शहरात यायचे. हर्सूलच्या तलावावर धुकं असायचं, पाण्यात बदकं पोहत असायची, आणि खिडकीची काच सरकत नसल्यामुळं तुमच्या दारात पोचेपर्यंत माझी बोटं गारठून जायची. दुपारी त्याच अंगणात ऊन असं तापायचं की स्वेटर काढून कमरेला बांधावा लागे. तुमच्या मागच्या खोलीत आठ-दहा मुली मणीकाम शिकायच्या. फी द्यायची ऐपत नव्हती म्हणून मी झाडायचं, चहा करायचा आणि सांडलेले मणी रंगानं वेगळे करून डब्यात भरायचे, असं ठरलं होतं. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. तुमच्या हातात कसब होतं, ते मी नाकारत नाही. हलव्याला काटा कसा आणायचा, परात किती गरम ठेवायची, थंडी पडलेल्या दिवशीच तो का चांगला होतो, हे सगळं मी तुमच्याकडंच शिकले. पण शिकवताना तुम्ही माणसाला किती लहान करायचात! माझं पहिलं तोरण तुम्ही सगळ्या मुलींसमोर उचलून धरलंत, म्हणालात, "हिच्या बोटांना ज्वारी काढायची सवय, मण्यांची नाही," आणि कात्रीनं मधोमध कापलंत. मणी खोलीभर उडाले. मुली हसल्या. मी गुडघ्यांवर बसून पलंगाखालचे मणी वेचते आहे आणि तुमचे पाय माझ्यासमोर आहेत, पायांत मोजे, एका मोज्याला अंगठ्याजवळ भोक. ते भोक मला अजून दिसतं.

मार्गशीर्षात आमच्या बांधावरच्या बाभळीवर गुंजेच्या वेलाच्या शेंगा तडकतात. आतून लाल दाणे दिसतात, प्रत्येकाच्या डोक्यावर काळा ठिपका. लहानपणी आम्ही त्या गोळा करून बाटलीत भरायचो. त्या वर्षी मी आबांना म्हणाले, म्हणजे माझ्या वडिलांना, की मला याचे दागिने करायचेत. आबा कोळपं टेकवून उभे राहिले आणि म्हणाले, "कर, पण ध्यानात ठेव. अख्खी पोटात गेली तर एखादवेळी तशीच निघून जाती. भोक पाडलेली कुणी चावली तर माणूस हाती लागत नाय." मी गुंजा गरम पाण्यात भिजवल्या, तापल्या दाभणानं एकेकीला भोक पाडलं. पांढऱ्या काटेरी हलव्यात लाल गुंजा घालून एक कंठी, दोन बाजूबंद आणि एक मुकुट केला. दोरा तुटला तरी दाणे सांडू नयेत म्हणून प्रत्येक गुंजेनंतर गाठ मारली. तीन आठवडे लागले. गुरुवार होता, तुमच्या घरी लक्ष्मीची पूजा मांडलेली, तुम्ही कलशाला मण्यांचा हार घालत होता. मी तो जोड तुमच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, बाई, तुमच्यासाठी. तुम्ही कंठी उन्हात धरून बराच वेळ बघितलीत. कपाटात ठेवून किल्ली फिरवलीत. त्या दिवशी बसमध्ये मी इतकी खुश होते की वाटेत कोण शेजारी बसलं होतं तेही आठवत नाही. मला वाटलं, कापलं नाही म्हणजे आवडलं.

संक्रांतीच्या आधी महिला मंडळाचं प्रदर्शन होतं. तिथं काळ्या मखमलीवर माझा जोड मांडलेला होता आणि पुढच्या पाटीवर तुमचं नाव होतं. पेपरची एक बाई आली होती. तिनं विचारलं हे कसं सुचलं, तर तुम्ही म्हणालात, "असंच, एकदा रानातून जाताना वेल दिसला." मी चहाचा ट्रे घेऊन तुमच्या कोपराजवळ उभी होते. तुम्ही ट्रेमधला कप उचललात, माझ्याकडं न बघता. दुसऱ्या दिवशी पेपरात तुमचा फोटो आला, गळ्यात माझी कंठी. तेव्हाच मी निघून जायला हवं होतं. गेले नाही, कारण घरी काय सांगायचं ते कळत नव्हतं, आणि खरं म्हणजे मला अजून तुमच्याकडून शिकायचं होतं.

मग तुमच्या नातवाचं बोरन्हाण ठरलं. तीन वर्षांचा होता. तुम्ही मला म्हणालात, "आणखी गुंजा घेऊन ये, त्याला तसाच जोड करते." तुम्ही दिवाणावर बसला होता आणि तुमची सून खाली बसून तीळ निवडत होती. मी म्हणाले, "बाई, लेकरांच्या अंगावर गुंज नका घालू. भोक पाडलेली तर नकोच, ती इखारी असती." तुम्ही म्हणालात, "अंगावर घालायचीय, खायला नाही घालायची. तू मला शिकवू नको." वहिनींनी, तुमच्या सुनेला मी वहिनी म्हणायचे, त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा तिळांत घातली. मी गुंजा आणून दिल्या. तुम्ही घाईघाईनं सरळ ओवल्यात. एकही गाठ मारली नाहीत.

बोरन्हाणाच्या दिवशी हॉल बायकांनी भरलेला आहे. पोरगं काळं झबलं घालून पाटावर बसलंय, डोक्यावर मुकुट, दंडाला बाजूबंद. सवाष्णी त्याच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे ओततायत, आणि चार शेजारची लेकरं फरशीवर बसून दोन्ही हातांनी गोळा करून खातायत. मी स्वयंपाकघराच्या दारात आहे. पोरगं बाजूबंद ओढतं आणि दोरा तुटतो. लाल बोरांत लाल गुंजा पसरतात. कुणाच्या लक्षात येत नाही, उलट सगळ्या हसतात. माझ्या हातातला ट्रे खाली पडला, मी ओरडले की तोंडातलं काढा, इख आहे त्यात, आणि मी फरशीवर जाऊन एकेका लेकराच्या तोंडात बोट घातलं. एकीच्या मुठीत गुंजा होत्या, एकाच्या ओठावर. तुमच्या नातवाच्या गालात एक होती. ती काढताना तो मला चावला. गुंज चावली नव्हती, अख्खी निघाली.

आणि तुम्ही माझ्या थोबाडीत मारलीत. सणासुदीच्या दिवशी भरल्या घरात विषाचं नाव काढलं म्हणून मारलीत, असं मला त्या क्षणी वाटलं. पण बायका विचारायला लागल्या, हे दाणे कुणी आणले, लेकराच्या अंगावर असलं कुणी घातलं, तेव्हा तुम्ही बोट माझ्याकडं केलंत. "हिनं आणल्या. हिच्या रानातल्या. माझं नाव पेपरात आलेलं हिला बघवलं नाही." पंधरा दिवसांपूर्वी तीच गुंज तुमची होती, बाई. त्या दिवशी ती पुन्हा माझी झाली. मी वहिनींकडं बघितलं. त्या पोराला छातीशी धरून उभ्या होत्या आणि त्यांनी तोंड उघडलं नाही.

नातवाला तुम्ही दोन दिवस दवाखान्यात ठेवलंत, त्याला काही झालं नाही. मला मात्र झालं. शहरात कुठल्याही वर्गात मला कुणी उभं केलं नाही. गोष्ट फुलंब्रीच्या गाडीत बसून गावापर्यंत आली. पुढच्या संक्रांतीला वाण घेऊन ववसायला आलेल्या बायका आमच्या घरच्या तिळगुळाला हात लावत नव्हत्या. ठरत आलेली सोयरीक मोडली, पोरीनं लेकरांना इख घातलं म्हणे. आबा चार माणसांत बसायचे बंद झाले. मला एकदाच म्हणाले, "तू सांगितलं व्हतं का नाय त्यांना?" मी व्हय म्हणाले. ते म्हणाले, "मग बस झालं." पण त्यांचं बस झालेलं नव्हतं, ते मला दिसत होतं.

पुढं लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीमुळं तुमच्याच शहरात, गारखेड्यात आले, आणि तिथल्या दोन खोल्यांत मी हलव्याचे दागिने करायला लागले. तुमची गिऱ्हाइकं माझ्याकडं योगायोगानं आली असं तुम्हाला वाटलं असेल तर तसं नव्हतं. कुठलं घर तुमच्याकडून जावयाचा हार घेतं, कुठलं बाळाची बासरी, मला पाठ होतं, तुमच्या गिऱ्हाइकांचे डबे मीच तर भरायचे. मी एकेका घरी गेले. तुमच्यापेक्षा बारीक काटा, तुमच्यापेक्षा पक्की गाठ. तुमचे हात कापायला लागले, सुईत दोरा जाईना, असं कानावर आलं, तेव्हा मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली नाही. एका संक्रांतीला मी मुद्दाम तुमच्या गल्लीतून गेले, हातात दागिन्यांच्या सहा पेट्या. तुम्ही ओट्यावर उन्हात बसला होता. तुम्ही मला ओळखलंत. मी थांबले नाही.

या मार्गशीर्षात वहिनी माझ्या दारात आल्या. केस पांढरे झालेत. त्या नातवाचं लग्न झालंय, नव्या सुनेची पहिली संक्रांत, तिळवणाला हलव्याचे दागिने हवेत. एके काळी मला 'अगं' म्हणणारी बाई 'ताई, तुम्ही' म्हणत होती. मी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाले, "करते. पण तिळवणाच्या दिवशी सगळ्या बायका बसल्या असताना तुम्ही उठून सांगायचं, त्या दिवशी काय झालं ते. मी आधी सांगितलेलं तुम्ही ऐकलं होतं, हे बी सांगायचं."

त्यांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "सासूबाई आता नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल कसं बोलायचं?"

"त्या होत्या तेव्हा तरी कुठं बोललात, वहिनी?"

त्या रडल्या. मी रडू दिलं. दुसऱ्या बाईकडून दागिने घेता आले असते त्यांना, पण उठताना त्यांनी सुनेचं माप माझ्या हातात ठेवलं.

परवा तिळवण झालं. तोच हॉल, बाई, फक्त फरशी बदललीय. मला पुढच्या खुर्चीवर बसवलं, समोरच्या भिंतीवर तुमची तसबीर, तिला मण्यांचा हार. नवी सून काळ्या साडीत, अंगभर माझे दागिने, पांढरे स्वच्छ, त्यात दुसरा रंग नाही. वहिनी तुमच्या तसबिरीखाली उभ्या राहिल्या. त्यांनी काही वगळलं नाही. गुंजेचा पहिला जोड कुणी केला होता, पेपरात कुणाचं नाव आलं, नको म्हणून कुणी सांगितलं होतं आणि ते ऐकून कोण गप्प बसलं होतं. तुमची धाकटी बहीण मध्येच उठून आत गेली. बाकीच्या बसून राहिल्या आणि माझ्याकडं बघत राहिल्या. शेवटी वहिनी म्हणाल्या, "माझ्या लेकाला या ताईंनी वाचवलं, आणि आमच्या घरानं त्यांना बदनाम केलं." मग त्यांनी स्वतः माझ्या हातात चहाचा कप आणून दिला. मी तो तुमच्या तसबिरीकडं बघत सावकाश पिले. इतका गोड चहा मी जन्मात पिले नाही. सूड घेऊन मन रितं होतं असं लोक म्हणतात. माझं नाही झालं. आबा असते तर त्यांना खुर्चीवर माझ्या शेजारी बसवलं असतं, एवढीच उणीव राहिली.

निघताना तुमचा नातू आला. चांगला उंच झालाय. वाकून पाया पडला, म्हणाला, "मावशी, तुमच्यामुळं मी आहे." मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तोंडानं आशीर्वाद दिला आणि पायांत चपला नीट न अडकवताच रिक्षात बसले.

हे कागद वहिनींना वाचायला देता येतील. त्यांचं घर काही लांब नाही, दागिन्यांची रिकामी पेटी परत आणायला मला उद्या जायचंच आहे. देणार नाही. बोरन्हाणाच्या दिवशी दारातून धावले तेव्हा तुमचा नातू माझ्या सगळ्यांत जवळ होता, आणि त्याच्या तोंडात जाणारी लाल गुंज मला सर्वांत आधी दिसली होती. मी त्याला ओलांडून पुढं गेले. बाकीच्या चारी लेकरांची तोंडं बघून झाली, मग त्याच्याकडं वळले.