तांदळाएवढं पांढरं

जळगाव,
आखाजी (अक्षय्य तृतीया) उलटून दोन दिवस

प्रिय लताबाई,

'प्रिय' लिहिताना हात अडला, पण पत्राला दुसरी सुरुवात मला येत नाही. अकरा मार्चला दुपारी हितेंद्रच्या फोनवर तुम्ही जिच्याशी बोललात ती मीच. तुम्ही विचारलंत, "अक्का का तुम्ही, त्यांच्या बहीण?" आणि मी हो म्हणाले. हितेंद्रला बहीण नाही. मी त्यांची बायको, सुगंधा. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली आणि मी जिवंत आहे. सव्वीस वर्षांत मी त्यांचं नाव तोंडानं घेतलं नाही, या पत्रात घेते आहे.

तुम्ही धुळ्याला देवपुरात मेस चालवता हे मला फोनवर तुमच्याकडूनच कळलं. हितेंद्र कंपनीच्या धुळ्याच्या डेपोवर आठवडाभर असतात आणि शनिवारी संध्याकाळच्या बसनं जळगावला येतात. ते 'गावी' जातात एवढंच तुम्हाला ठाऊक असेल. ते गाव म्हणजे हे घर.

त्यांच्या केसांचं मला पहिल्यापासून सांगावं लागेल. आमचं लग्न पहूरला झालं तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. दुसऱ्या दिवशी न्हाऊन आले तर कानांवर, कपाळावर केसांच्या मुळाशी पांढरी रेघ. मी घाबरले. सासूबाईंनी, नर्मदाबाईंनी, मला मागच्या दारी नेलं, वाटीत केसांच्या काळ्या रंगाची पावडर कालवून दाखवली आणि म्हणाल्या, "आता हे तुझ्याकडे. बाहेर बोलू नको." तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी सकाळी मागच्या अंगणात स्टूल मांडायचं, गळ्यात जुना टॉवेल, कपाळाला आणि कानांना खोबरेल, म्हणजे कातडीला डाग लागत नाही. आधी मुळं, मग मिशी. पाऊण तास ते जागचे हलायचे नाहीत. हितेंद्र घरात फार बोलणारे नाहीत. पण त्या स्टुलावर ते बोलायचे. साहेब काय म्हणाला, कुठल्या शेतकऱ्यानं ठिबकच्या नळ्या परत आणल्या, लहानपणी कुणी मारलं होतं, सगळं. आमचा संसार खरं सांगायचं तर त्या पाऊण तासातच झाला. डिंपलच्या वेळी मला दिवस गेलेत हे मी त्यांना तिथंच सांगितलं, हाताला काळा रंग असताना.

डिंपल आमची मुलगी. बावीस वर्षांची आहे, पुण्याला नोकरी करते. तिच्याबद्दल पुढं लिहिते.

पहिली दहा-अकरा वर्षं हातमोजे वगैरे कुणाला माहीत होते! माझी बोटं काळी पडायची, मग चिरा पडायला लागल्या. मी ब्लाउज शिवते. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या अस्तराला रक्ताचा ठिपका लागला तेव्हा डॉक्टरीणबाईंकडे गेले. भरिताच्या मिरच्या ठेचताना तर डोळ्यांतून पाणी यायचं आणि घरचे म्हणायचे, मिरची तिखट दिसतेय. डॉक्टरीणबाईंनी हात बघूनच ओळखलं. म्हणाल्या, काळा रंग आणणारं जे औषध त्यात असतं ते बाधलंय. मोजे घाला, आणि ज्यांच्या डोक्याला लावता त्यांनाही सांभाळा. दोन रंगांत निदान पाच-सहा आठवडे जाऊ द्या. सगळ्या केसांना दरवेळी फासू नका, नुसतं मुळाशी उगवलेलं तेवढं झाका, नाहीतर केस झाडूसारखे होऊन तुटतात. डोक्यावर खाजवल्याची जखम असेल तर लावूच नका. दरवेळी आधी कानामागं थेंबभर लावून दोन दिवस वाट बघा, कारण वीस वर्षं मानवलेला रंग एकविसाव्या वर्षी उलटू शकतो. हे सगळं मी घरी येऊन सांगितलं. हितेंद्र म्हणाले, "सहा आठवडे? लोक काय म्हणतील, एकदम म्हातारा झाला?" मग पंधरा दिवसच राहिले. मी फक्त मोजे घेतले.

हे एवढं लांबवून सांगते आहे, कारण मला हे सगळं माहीत होतं. ते लक्षात ठेवा.

संक्रांतीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी ते आले. जेवायला बसले, मी वाढायला वाकले, तर मुळाशी काळं. पंधरा दिवस होत आले की त्यांचं तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं वर येतं. सव्वीस वर्षं मी ते बघत आलेय, डोळे मिटून माप सांगेन. त्या दिवशी एक दाणा दिसला नाही. कानाच्या पाळीमागं डाग होता. न्हावी असा डाग ठेवत नाही, आणि दुकानात रंगवून घ्यायची त्यांना लाज. कुणीतरी घरच्यासारखं, हौसेनं लावला होता आणि कानाला तेल लावायचं त्या कुणाला ठाऊक नव्हतं. लताबाई, दुसरं काही कळलं असतं तर मी भांडले असते, रडले असते. पण त्यांनी त्या स्टुलावरचा माणूस तुम्हाला दिला होता. मी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी स्टूल मांडलं. म्हटलं, "आज राहू द्यायचं का? फारसं पांढरं दिसत नाही." मी त्यांना दार उघडून दिलं होतं. एक शब्द बोलले असते तर पुरलं असतं. ते म्हणाले, "लाव, लाव. मिशीचं दिसतंय." मी वाटी कालवली.

असे चार रविवार. तिकडं तुम्ही, इकडं मी, आठवड्याच्या अंतरानं एकाच डोक्यावर. तुम्हाला ठाऊक नव्हतं, मला होतं. फेब्रुवारीत मानेवर खपल्या दिसल्या. केस ब्रशला चिकटून येत होते, टाळूवरची कातडी लालभडक झाली होती. मी त्या खपल्यांवरून रंग फिरवला. त्यांचे खांदे आक्रसले.

"झोंबतंय का?" मी विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"नाही म्हटलं ना."

आणि मी दुसऱ्यांदा तिथूनच ब्रश फिरवला. ते केव्हा तोंड उघडतात याची मी वाट बघत होते. रंग त्यांच्या डोक्यात जात होता आणि मला बरं वाटत होतं. असं मी अजून कुणाजवळ बोललेले नाही.

आठ मार्चच्या रविवारी चौथ्यांदा लावला. सोमवारी सकाळी डोळे उघडेनात. कपाळ पावासारखं फुगलेलं, कानांतून पाणी गळत होतं. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, चार दिवस ठेवून घेतलं. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांनी लावता? हितेंद्र म्हणाले, पंधरा. डॉक्टर म्हणाले, "हे पंधरा दिवसांचं डोकं नाही. खरं सांगा." ते भिंतीकडं बघत राहिले. मीही भिंतीकडंच बघितलं.

तिसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. फोनवर नाव होतं 'मेस'. सुजेचं त्यांनीच तुम्हाला आधी कळवलं असणार. तुम्ही घाईनं बोललात, "सूज उतरनी का अक्का? मन्हामुळेच व्हयनं हाई बठ्ठं." हे सगळं तुमच्यामुळंच झालं म्हणत होतात, कारण तुम्ही काळी मेंदी लावली होतीत, झाडपाल्याची समजून. त्या पुड्यांतही तेच औषध असतं, हे कुणी सांगत नाही. तुम्ही रडत होतात. मग म्हणालात, वहिनी वारल्यापासून त्यांना बघणारं कुणी नाही, मूलबाळही नाही, म्हणून मीच म्हटलं लावून देते. दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून मी माझं मरण ऐकलं. माझं एक ठीक, सहा वर्षांपूर्वी मेले म्हणून त्यांनी सांगितलं, मेले. पण डिंपल जन्मलीच नाही? त्याच महिन्यात तिनं वडिलांच्या दवाखान्याला स्वतःच्या पगारातून पैसे पाठवले होते.

औषधाचे कागद पाठवते म्हणून मी तुमचा पत्ता मागून घेतला. तुम्ही पुन्हा विचारलंत, "मी लावलेल्या रंगमुळेच ना?" मी म्हणाले, "हो, रंगामुळंच." आणि फोन ठेवला.

घरी आल्यावर मी हितेंद्रना एवढंच सांगितलं, "लताबाईंचा फोन होता. मी तुमची बहीण म्हणून बोलले." त्यांनी औषधांची पिशवी खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "जेवायला वाढ." इतकं झाल्यावर त्या माणसाला भूक होती.

दीड महिना ते रजेवर घरात आहेत. अर्धे केस गेले, उरलेले बोटाच्या पेराएवढे मुळाशी पांढरे आहेत. मी रोज साध्या शाम्पूनं, कोमट पाण्यानं धुते, खोबरेल लावते, डॉक्टरांनी दिलेलं मलम लावते. हात लावताना आता काहीच वाटत नाही. त्यांना मात्र वाटतं. आरशासमोर उभे राहून टोपी काढतात, घालतात. येत्या सोमवारी ते धुळ्याला रुजू होणार. काल त्यांची बॅग भरताना आतल्या कप्प्यात काळ्या रंगाच्या दोन पुड्या सापडल्या. मी फेकल्या, पण पुड्या धुळ्यातही मिळतात.

हे पत्र त्यासाठी. सोबत डॉक्टरांच्या कागदाची झेरॉक्स आहे, लाल शाईनं खूण केलेली ओळ वाचा. पुन्हा एकदा जरी काळा रंग लागला, मेंदीतला असो की पुडीतला, मिशीला असो की भुवईला, तर घसा सुजून श्वास बंद पडू शकतो. ते तुम्हाला सांगतील, डॉक्टरांनी परवानगी दिलीय. गोड बोलतील. तुमच्यापुढं त्यांना पंचेचाळीस वर्षांचं राहायचंय, म्हणून जीव गेला तरी स्टुलावर बसतील. लावू नका. आणि मार्चमध्ये झालं ते तुमच्यामुळं झालं नाही. तुमच्या हाताला माहीत नव्हतं, माझ्या हाताला माहीत होतं. तुम्ही दीड महिना स्वतःला दोष देत असाल, आणि मी तो देऊ दिला, कारण मला त्यात सुख होतं. आता पुरे. ते चौपन्न वर्षांचे आहेत, पांढरे आहेत, त्यांना बायको आहे, मुलगी आहे. असा माणूस ठेवायचा तर ठेवा, नको असेल तर हाकला. फक्त इकडं पाठवू नका. मी कुलूप बदललंय, चावी डिंपलकडे आहे आणि माझ्याकडे.

तुमची अक्का नसलेली,
सुगंधा