बिब्ब्यानं काही झालं नव्हतं

आई, तू लावलेल्या बिब्ब्यानं काही झालं नव्हतं. हे सांगायला मला इतका उशीर झाला की आता पत्राला पत्ताच उरला नाही.

सेलूच्या त्या स्वयंपाकघरात माझी धाकटी बहीण भिंतीला टेकून बसली आहे, गुडघ्याखाली सूज. तू दाभणाला बिब्बा टोचून दिव्यावर धरतेस, तेल सुटलं की सुजेवर एकेक ठिपका देतेस. "सोस गं बाई, मुका मार हाय, उतरंल." दुसऱ्या दिवशी फोड आले. ते बसायची वाट पाहिली, मग नामांतराच्या दंगलीत एसट्या बंद. परभणीच्या डॉक्टरांनी हाडाआधी फोडच बघितले आणि ओरडले, "हे कुणी केलं?" तू पदर ओढून घेतलास. पुढं मुंबईला हाडाचा कॅन्सर निघाला, वर्षाच्या आत ती गेली. आणि मी, चौदा वर्षांचा शहाणा, चुलीपाशी येऊन तुला म्हणालो, "बिब्बा लावला नसतास तर वाचली असती." तुझी तव्यावरची भाकरी उलटायची राहिली. त्यानंतर तू घरात बिब्बा सोड, लाडवात घालायला बिब्ब्याच्या आतली गोडंबीसुद्धा आणली नाहीस. सुनेच्या बाळंतपणातही नाही.

परवा मित्राची मुलगी घरी आली होती. लहान मुलांच्या याच कॅन्सरवर ती प्रयोगशाळेत काम करते. म्हणाली, "काका, पेशीत दोन जनुकं तुटतात आणि चुकून एकमेकांना जोडली जातात. त्या जोडातून एक प्रथिन तयार होतं, जे माणसाच्या अंगात कधी नव्हतंच." मला कचेरीच्या भाषेतच समजतं, म्हणून मी विचारलं, म्हणजे दोन फाटके कागद चिकटवून केलेला हुकूम? ती हसली. "तसंच. कुठं जाऊन बसायचं ते एका तुकड्याला माहीत, कामाला लावायचं दुसऱ्याला. मग ते डीएनएतल्या ओसाड जागी बसून बंद जनुकं उघडतं, चालू असलेली बंद पाडतं. पेशी आपलं काम विसरते आणि नुसती वाढत राहते." मी विचारलं, मार लागून होतं का? बिब्ब्यानं? "नाही हो काका. कुणाच्याच हातून होत नाही. तो जोड सूज दिसायच्या आधीच बसलेला असतो."

आई, तू समोर हवी होतीस. गोडंबीचे लाडू घेऊन आलो असतो. तू "आता कशाला रे" म्हणाली असतीस आणि एक मोडून माझ्याच हातावर ठेवला असतास. तुझ्या हातांना राखेचा आणि बाजरीच्या पिठाचा वास यायचा. तो वास मला नीट आठवत नाही, याचा राग मी आता कुणावर काढू?

पण बिब्ब्याच्या आधी तीन आठवडे धाकटी लंगडत होती, आणि मी तिच्या मागं मागं तसाच लंगडत अंगणभर फिरायचो. "दादा, खरंच दुखायलंय." मी सांगायचो, शाळा बुडवायची सोंगं करायली. बाबा पोट धरून हसले. तू "गुमान बस रे" म्हणालीस, पण पदराआड हसलीस, म्हणून मी परत करून दाखवलं. लोकांची टिंगल करणारं लिहून मी पुढं जे नाव मिळवलं, त्यातली पहिली दाद ती.

मित्राच्या त्या पोरीला मी सगळं विचारलं. धाकटीला तीन आठवडे आधी डॉक्टरकडे नेलं असतं तर, एवढंच विचारलं नाही. चहा आणतो म्हणून आत गेलो. चहा तिच्या पुढ्यातच होता.