फोनला घातलेले नमस्कार

निइगाता, ३ सप्टेंबर

चि. हात्सुमीस अ. उ. आ.

फोन बंद केला म्हणून रुसू नकोस, आणि ताईचं वाकडंतिकडं अक्षर बघून हसू नकोस. जूनमध्ये सिग्नलला गाडीला मागून धक्का बसला, मानेला हिसका बसला, तेव्हापासूनची ही डोकेदुखी. मानेतून निघते नि उजव्या डोळ्यामागे जाऊन बसते. फिजिओथेरपीच्या मिझोगुचीबाई म्हणतात, मूळ मानेतच आहे. उपचारानं सकाळी उतरतं, मग संध्याकाळी परत का, हे त्यांना कळेना. परवा त्यांच्यासमोरच तुझा फोन आला. मी आपली दर वाक्याला मान खाली घालून फोनलाच नमस्कार घालतेय! बाईंनी मोजले. दहा मिनिटांत चाळीस. रोज तुझ्याशी बोलायचं म्हणजे हिशेब कर.

यासुओ म्हणतो, आई, असंच दुखत राहिलं तर मावशीच्या बेटावर जायला बोटीत बसायचं नाही. माझा मुलगा, पण बोलतो सासऱ्यासारखा. तुझ्या सत्तरीचं जेवण आणि मी नाही? नऊ वर्षं झाली गं तुला पाहून.

बाई कवटीखाली बोटं ठेवून नुसत्या धरून बसतात. मी तरंगायलाच लागते. आपला किनारा दिसतो, आई शेवाळ वाळत घालतेय, ऊन कसं मऊ. मुळ्याचं लोणचं मुरलं का तुझं?

माया आहेच, ती राहू दे.
तुझी किनुए

सादो, १० सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

सून म्हणते, तुम्हीही तेच करता! म्हणजे इतकी वर्षं समुद्राच्या दोन काठांवर दोन म्हाताऱ्या एकमेकींना न दिसता वाकत होत्या. पण हट्टानं येऊ नकोस. जेवण पुढं ढकलते. सत्तरी काही पळून जात नाही.

जिवाला जप, माझ्यासाठी.
हात्सुमी

निइगाता, २ ऑक्टोबर

चि. हात्सुमीस अ. उ. आ.

काही ढकलू नकोस! चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी वाकायला शिकले. हनुवटी किंचित आत, मान सरळ, कमरेतून वाकायचं. मानेमागे टॉवेल धरून हळूहळू मान वळवते. काल वळवली तर न दुखता पार खिडकीपर्यंत गेली, आणि बाहेर धुक्यावर तरंगत तुझं बेट. किती वेळ बघत बसले कोण जाणे, भात करपला.

दुखणं अगदी गेलं नाही, आठवड्यातून एखाद्या वेळी डोकावतं. पण बाईंनीच यासुओला सांगितलं, जाऊ द्या त्यांना. शनिवारी सकाळच्या बोटीनं येते. उतरल्यावर डोकं दुखलंच तर तुझ्या मांडीवर ठेवीन. नऊ वर्षांनी भेटून आधी झोपूनच गेले, तर उठवू नकोस.

बाकी सगळं तिथं आल्यावर.
तुझी ताई, किनुए