सोन्यावरची काळी रेघ

४ एप्रिल १९९६
रेघ पुन्हा सरकली! मी हातही लावला नव्हता.
माझं कॉलेजच्या प्रकल्पाचं यंत्र चपलांच्या खोक्यात मावतं — लाल लेसर, लोलक, त्यावर सोन्याचा अगदी पातळ थर. ठराविक कोनाला परतीच्या प्रकाशात काळी रेघ दिसते. सोन्याला काही चिकटलं तरच ती सरकते. काल ४३.८ अंशांवर होती. आज ४४.३. वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, बंद खिडक्यांच्या खोलीत ठेवलंय, धूळ नको म्हणून. मग चिकटलं काय?

५ एप्रिल
पेन नीट चालत नाही.

६ एप्रिल
४४.९. चूक माझीच असणार. तीनदा मोजलं. "दिसतं ते लिही, वाटतं ते नको" — शाळेआधी आबांनीच शिकवलेलं.
आज आबांच्या हातातला चहा पुन्हा सांडला. रात्र रात्र झोप नाही. म्हणाले, "ह्या खोलीत कुणीतरी हाय, दीपा." डॉक्टर म्हणतात, वय झालं. बावन्नाव्या वर्षी?

८ एप्रिल
शेजारच्या झुंबरबाई आल्या. "बनुबाई गेली न्हाई अजून. तिचेबी हात असेच कापायचे."
बनुबाई म्हणजे माझी आई. याच खोलीत गेली, गेल्या दिवाळीत.
आबा भडकले, "आमच्यात असलं चालत न्हाई!"
"तुमच्यात चालत नसंल. तिला चालतंय!"
मी हसले. मग भर दुपारी त्या खोलीत जाववेना.

११ एप्रिल
सोन्याचा थर दिलेली नवी काच स्वयंपाकघरात ठेवली होती. तीन दिवस रेघ जागच्या जागी! आबांच्या खोलीतली मात्र रोज सरकते. दुपारी पत्रे तापले की जास्तच. आई दुपारी तिथेच पडायची.

१२ एप्रिल
भिंगातून पाहिलं. सोनं पांढरं पडलंय. सोन्याला पांढरं करतो तो पारा!
नागापूरच्या कारखान्यातली नोकरी सुटल्यापासून, वीस वर्षं, आबा त्या खोलीत दवाखान्यांच्या बीपी यंत्रांत पारा भरतात. केरसुणीची काडी फरशीच्या फटीत घातली. चकाकते थेंब बाहेर आले. उकाड्यात पाऱ्याची वाफ होते, श्वासातून अंगात जाते; हात कापतात, झोप उडते. लहानपणी असेच थेंब मोजत मी शंभरपर्यंत शिकले.
आबांना अंगणात आणून बसवलं. "आबा, खोलीत कुणी नव्हतं. पारा होता."
त्यांनी माझ्या हातातल्या काडीकडे पाहिलं. मग, "ती रोज झाडायची गं तिथं."

१३ एप्रिल
उद्या आबांना घेऊन पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात. तारखा सांगायला ही वही चाळली. जानेवारीत अक्षर सरळ आहे. मार्चपासून शिरोरेघ हलते.
हे नव्या पेनाने लिहिलंय. तरी रेघ हलतेच.